उंच इमारतींना मागचं दार कशाला?

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात एका मोठ्या वक्त्यांचं व्याख्यान झालं. विषय होता 'हरवलेलं घरपण'. माणूस अभ्यासू, बोलणं गोड, आवाज असा की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या आज्जीसुद्धा सरळ बसल्या. तासभर त्यांनी बेळगावच्या जुन्या घरांचं वर्णन केलं. सोपा, माजघर, परडं, परड्यातली विहीर, सागवानी खांब, सगळं डोळ्यांपुढे उभं केलं. मग आवाज चढवून म्हणाले, ह्या टोलेजंग इमारतींनी आपलं घरपण गिळलं, उंच इमारत म्हणजे माणसाचा वीट-सिमेंटमधला अहंकार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही दोन वाजवल्या, सवयीने.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. "वक्त्यांनी आपल्या सगळ्यांच्या मनातलंच सांगितलं," असं म्हणून मी श्रीफळ हातात दिलं आणि घरी येऊन रात्रभर स्वतःवर चिडत राहिले. कारण ते माझ्या मनातलं नव्हतंच. मला उंच इमारती आवडतात. लहानपणापासून आवडतात. त्या दिवशी माईक हातात असताना मी जे बोलले नाही, ते आता लिहिते.

आवड कशी लागली ते आधी सांगते. वडिलांच्या दुकानात एका वर्षी कुणीतरी एक कॅलेंडर दिलं होतं, त्यावर न्यूयॉर्कचा फोटो होता. मधोमध एम्पायर स्टेट बिल्डिंग. माझा भाऊ विचारायचा, "अण्णा, हिला मजले किती?" अण्णा सांगायचे, एकशे दोन. मला मजल्यांचं काही वाटायचं नाही. मी त्या शेकडो खिडक्यांकडे बघून विचार करायची, ह्यातल्या एका खिडकीत आत्ता कोण उभं असेल आणि तिला काय दिसत असेल? 'तिला'च म्हणायची मी मनात. का, ते लग्नानंतर कळलं.

शहापूरच्या ज्या घरात मी सून म्हणून आले, ते घर त्या वक्त्यांनी पाहिलं असतं तर त्यांच्या व्याख्यानाला आणखी अर्धा तास लागला असता. रस्त्याकडे तोंड करून मोठा सोपा. त्यात मामंजी, त्यांचे स्नेही, पानाचा डबा, वर्तमानपत्र. मग माजघर. मग स्वयंपाकघर, त्याला रस्त्याकडे खिडकी नाही, परड्याकडे एक दार. उजेड येत होता तो छपरातल्या एका काचेच्या कौलातून. तो चौकोनी कवडसा सकाळी मांडणीवर असायचा, दुपारी जात्यावर, आणि भिंतीवर चढला की सूर्यास्ताआधीच्या जेवणाची घाई सुरू. अकरा वर्षं मी त्या कवडशावर वेळ ओळखली. रस्त्यावरून वरात गेली की बँडवरून कळायचं, डोळ्यांनी दिसायचं नाही. आता सांगा बायांनो, घरपण होतं ते कुणाचं? सोप्यात बसणाऱ्यांचं होतं यात शंका नाही. वक्तेही सोप्यातच वाढलेले असणार.

आणि परड्याचं ते दार. त्या दाराने बोळातून भांडीवाली यायची. विहिरीजवळच्या दगडावर भांडी घासायची. तिचा चहाचा कप कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा, वेगळा. मी वरून चहा ओतायची, कपाला किटली लागू न देता. सासूबाईंनी शिकवलं, मी शिकले, आणि पुष्कळ वर्षं केलं. हे मी दुसऱ्याचं म्हणून सांगत नाहीये. पण ज्याला घरपण म्हणून आपण डोळे पुसतो, त्याला एक पुढचं दार होतं आणि एक मागचं, हे विसरून चालणार नाही. ह्या मागच्या दाराकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी अहंकाराचं बघू. उंच ते सगळं अहंकाराचं, हे म्हणणं आपल्याला तरी शोभत नाही. आपल्या कितीतरी मंदिरांसमोर मानस्तंभ उभा असतो. मंदिराच्या आधी तोच दिसतो. त्याच्याकडे बघताना मान वर करावी लागते आणि आतला मान खाली येतो, म्हणून त्याचं नाव मानस्तंभ. इंद्रभूती गौतमाची कथा लहानपणापासून ऐकलीय सगळ्यांनी, मोठ्या तोऱ्यात वाद घालायला निघाला आणि स्तंभ बघताच तोरा उतरला. म्हणजे उंच वस्तू माणसाला फुगवते तशी लहानही करते. कुठली काय करते ते तिच्या उंचीवर ठरत नाही.

वक्त्यांची बाजू अगदीच खोटी आहे असंही मी म्हणत नाही. दुबईचा बुर्ज खलिफा घ्या. ८२८ मीटर. त्यातला वरचा २४४ मीटरचा भाग असा, की तिथे कुणी राहत नाही, कुणी काम करत नाही. नुसता मिरवायला. उंच इमारतींचा हिशेब ठेवणारी शिकागोची एक संस्था आहे, तिने २०१३ साली अशा वापराबाहेरच्या उंचीला 'मिरवायची उंची' अशा अर्थाचंच नाव दिलं आणि कुणाची किती ते मोजून मांडलं. आपल्याकडे लग्नात आहेराच्या ताटात खाली कागद दाबून वर साड्या रचतात ना, तसलाच प्रकार. ही असली उंची मला आवडत नाही, कुणी फुकट वर नेलं तरी.

पण त्याच बुर्जची एक गोष्ट मला फार आवडते. माणूस जितका वर, तितका सूर्य त्याला उशिरापर्यंत दिसतो. म्हणून २०११ च्या रमझानमध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं, ८० व्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी रोजा सोडायला दोन मिनिटं जास्त थांबावं, १५० च्या वर असणाऱ्यांनी तीन. त्यांना ती थांबायची मिनिटं. मला वाचताक्षणी वाटलं, अगबाई, आपल्याला तर ही मिळालेली मिनिटं! शेवटची भाकरी तव्यावर आहे, कवडसा भिंतीवरून निघून गेलाय आणि मामंजी पाटावर बसायचे आहेत, अशा वेळी तीन मिनिटं काय असतात ते रात्रीचं न जेवणाऱ्या घरातल्या सुनेला विचारा.

आता माझ्या आवडत्यांकडे वळते. पहिली क्रायस्लर बिल्डिंग, न्यूयॉर्कची. अहंकार म्हणाल तर हिच्याइतका उघडा अहंकार कुठे सापडायचा नाही. १९२९ साली तिची आणि वॉल स्ट्रीटवरच्या एका इमारतीची शर्यत लागली होती, जगात सगळ्यांत उंच कोण. क्रायस्लरचा वास्तुकार विल्यम व्हॅन ॲलन. त्याने इमारतीच्या पोटातच गुपचूप एक पोलादी शिखर जोडून ठेवलं, १८५ फुटांचं, आणि समोरच्यांनी आपण जिंकलो असं मानल्यावर ते आतून वर काढून बसवलं. नणंदेच्या लग्नात ऐनवेळी ट्रंकेतून चंद्रहार काढून घालणारी जाऊ असते, तसं. झाली ३१९ मीटर. किताब मिळाला, आणि अकरा महिन्यांत एम्पायर स्टेटने तो हिरावून घेतला.

किताब गेल्याला नव्वद वर्षं उलटून गेली. तरी लोकांना क्रायस्लरच देखणी वाटते. म्हणजे आवडण्याचं कारण उंची असू शकत नाही. मला विचाराल तर कारण आहे तिच्या डोक्यावरचा तो एकावर एक कमानींचा मुकुट, त्यात त्रिकोणी खिडक्या, आणि ऊन पडलं की त्याची चकाकी. तो मुकुट कशाचा आहे माहितीय? स्टेनलेस स्टीलचा. अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकेल. आपण भांड्यांच्या दुकानात डबा उलटा करून 'अठरा-आठ' बघतो ना, तेच. त्या काळी ही धातू नवीन होती. इतक्या वर्षांत तो मुकुट फारच थोड्या वेळा घासावा लागला. चांगल्या भांड्याची पारख असलेल्या कुठल्याही बाईला ही इमारत कळते. वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरी शिकागोतली. जॉन हॅनकॉक सेंटर. आता अधिकृत नाव बदललंय, पण तिथले लोक जुनंच म्हणतात. शंभर मजले, १९६९ साली पुरी झाली. काळी, वर निमुळती होत जाणारी, आणि अंगावर खालपासून वरपर्यंत मोठमोठ्या फुल्या. पहिल्यांदा बघितलं की वाटतं, कुणी चुकलेलं गणित खोडलंय. आमच्या दिरांचा मुलगा तिकडे असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या पायथ्याशी मी उभी राहिले आणि तो मला त्या फुल्या समजावून सांगायला लागला. मला आधीच माहीत होतं. पण मुलांना सांगू द्यावं.

ही बांधणारा अभियंता फजलुर रहमान खान. जन्म १९२९, ढाक्याचा. शिक्षण काही कलकत्त्याजवळच्या शिबपूरला, काही ढाक्याला, मग अमेरिकेला. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचं वजन नसतो, वारा असतो. एम्पायर स्टेटच्या काळात वाऱ्याला तोंड द्यायला आत खांबांचं जंगल उभं करायचे. खानसाहेबांनी म्हटलं, बाहेरची भिंतच अशी विणू की सगळी इमारत एक पोकळ नळी होईल आणि वारा ती नळीच झेलेल. बुट्टी कशी असते? आत काही नाही, सगळी ताकद बाहेरच्या विणीत. त्या फुल्या म्हणजे ती वीण. ह्याचा परिणाम काय, तर एम्पायर स्टेटला चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं, हॅनकॉकला १४५ च्या आसपास. उंची जवळजवळ तेवढीच, आणि संग्रह कमी. ह्याला अहंकार म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण मला ती आवडते ती वेगळ्याच कारणासाठी. त्या इमारतीत खाली दुकानं आणि कचेऱ्या, आणि वर घरं आहेत. शेकडो घरं. आणि ४४ व्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी किराणा मालाचं दुकान. बर्फ पडतोय, वारा सुटलाय, साखर संपलीय, तर कोट न चढवता लिफ्टने जाऊन आणायची. हे ज्याने कुणी कागदावर काढलं, त्याला हे ठाऊक होतं की घरात साखर संपते. आपल्याकडच्या टॉवरच्या पुस्तिकेत काय असतं? पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, टेकडीचं दृश्य. लेकीसाठी पुण्यात फ्लॅट बघत होतो तेव्हा मी तिथल्या टाय लावलेल्या मुलाला विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला?" तो म्हणाला, "मॅडम, चिमणीचा पॉइंट दिलाय ना." खिडकी डक्टमध्ये उघडत होती. काचेच्या कौलानंतर तीस वर्षांनी डक्ट. प्रगती म्हणायची.

शिकागोतच ॲक्वा नावाची ८२ मजल्यांची इमारत आहे. तिची वास्तुकार एक बाई, जीन गँग. २००९ मध्ये तिने ही इमारत उभी केली, आणि पुढे त्याच शहरात हिच्यापेक्षाही उंच बांधली. ॲक्वाच्या बाल्कन्या सरळ एका रेषेत नाहीत. प्रत्येक मजल्याचा स्लॅब वेगळ्या वळणाने बाहेर आलाय, लाटा आल्यासारखा. दिसायला सुंदर आहेच, वाराही त्या लाटांवर फुटतो. पण त्या वळणांमुळे वरच्या मजल्यावरची बाई खालच्या मजल्यावरच्या बाईला दिसते. दोघी आपापल्या बाल्कनीत उभ्या राहून बोलू शकतात. गल्लीतला कट्टा उभा करून टांगलाय जणू. टॉवरमध्ये शेजार नसतो म्हणतात. सरळसोट भिंत बांधली तर कुठून असणार? शेजार बांधावा लागतो.

आपल्याकडचं एकच नाव घेते. मुंबईचं कांचनजंगा, चार्ल्स कोरियांचं, १९८३ सालचं. २८ मजले, फ्लॅट अवघे ३२, श्रीमंतांची वस्ती, हे सगळं कबूल. पण विचार बघा. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून. म्हणून घरं पूर्व-पश्चिम तोंडाची हवीत. पण दुपारचं ऊन आणि आडवा पाऊसही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी ह्यावर तोड काढली होती, खोल्यांभोवती व्हरांडा. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कापून तिथे दोन मजले उंचीच्या बागा ठेवल्या. खालून पेडर रोडवरून बघितलं की पांढऱ्या भिंतीत मोठमोठी रंगीत कोनाडी दिसतात. आपल्या हवेला, आपल्या पावसाला ओळखून बांधलेली उंच इमारत होऊ शकते, हे चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झालं. तरी आपण काचेची पेटी उभी करून त्यात एसी लावतो. ह्यात उंचीचा काय दोष?

आता मागच्या दाराकडे.

उंच इमारती शक्य झाल्या त्या दोन गोष्टींमुळे. एक, पोलादी सांगाडा. शिकागोत मोनॅडनॉक नावाची विटांची इमारत आहे, १८९१ सालची, सोळा मजल्यांची. नुसत्या विटांवर सोळा मजले पेलायला तिच्या तळाच्या भिंती सहा फूट जाड कराव्या लागल्या. पोलादाने ते ओझं काढून घेतलं. दुसरी गोष्ट लिफ्ट. दोर ओढून माणसं-सामान वर नेणं जुनंच होतं, पण दोर तुटला तर? १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा माणूस पाळण्यात उभा राहून उंच चढला आणि सगळ्यांच्या देखत त्याने वरचा दोर कापायला लावला. पाळणा बोटभर खाली आला आणि अडकून उभा राहिला. तीन वर्षांनी ब्रॉडवेवरच्या एका दुकानात माणसांसाठी पहिली लिफ्ट लागली.

ह्या लिफ्टने काय केलं ते ध्यानात घ्या. त्याआधी जितका वरचा मजला तितका गरीब. पॅरिसमध्ये माळ्यावरच्या खोल्या मोलकरणींच्या असायच्या, कारण सहा जिने चढायचे कुणी? लिफ्ट आली आणि सगळं उलटं झालं. वरचा मजला महाग झाला. पण लिफ्टचं खरं मोल मला वेगळं वाटतं. ती गुडघे बघत नाही. बाविसाव्या मजल्यावरची म्हातारी आणि दुसऱ्या मजल्यावरचा पैलवान तिला सारखे. जिन्याने जो भेद केला होता तो एका बटणाने मिटवला.

आणि आपण काय केलं? लिफ्टच दोन केल्या.

लेकीच्या सोसायटीत तीन लिफ्ट आहेत. दोन आरशाच्या. तिसरी पत्र्याची, कोपऱ्यात, कचऱ्याच्या खोलीशेजारी. खाली पाटी आहे, मराठीतून आणि इंग्रजीतून: घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरी करणारी मुले व पाळीव प्राणी यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. हा क्रम माझा नाही. पाटी लिहिणाऱ्याचा आहे. ह्या सोसायटीत आपल्या समाजाची पुष्कळ घरं आहेत. मुंगी चिरडू नये म्हणून बघून पाऊल टाकणारी घरं.

लेकीकडे एक मावशी येतात. पोळ्या करतात, भांडी घासतात. मी गेले होते त्या आठवड्यात पत्र्याची लिफ्ट तीन दिवस बंद होती. पहिल्या दिवशी मावशी आल्या त्या दाराशी बसल्याच. पाणी दिलं. मी नंतर जिन्याने दोन मजले उतरून पायऱ्या मोजल्या. मजल्याला अठरा. बाविसाव्या मजल्याच्या किती होतात ते तुम्हीच काढा. आणि त्या चार घरांत जातात, सगळी एका मजल्यावर नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन थांबले. मावशी आल्यावर त्यांचा हात धरून आरशाच्या लिफ्टमध्ये शिरले. दार मिटायच्या आत सेक्रेटरी आले. तरुण, नम्र, सांगलीकडचे, आमच्या लांबच्या नात्यातल्या घराशी ओळख निघालेली.

"काकू, नियम सगळ्यांना सारखा असतो."

"सगळ्यांना सारखा असता तर पाटी लागली नसती, बाळ."

"हायजीनचा प्रश्न येतो हो. लोक तक्रार करतात."

"ह्यांच्या हातची पोळी तुमच्याकडे चालते ना? मग ह्यांच्या हाताने बटण दाबलेलं का चालत नाही?"

ते काही बोलले नाहीत. मावशीच हात सोडवून घेऊन बाहेर पडल्या आणि जिन्याकडे निघाल्या. वर आल्यावर मला म्हणाल्या, "कशाला भांडता माझ्यापायी? मानाचं आम्हाला काय नाय. पण त्या लिफ्टीत आधी गाद्या चढवत्यात, मग सिलिंडर, मग कचरा उतरवत्यात. दहा-दहा मिनिटं जात्यात उभं राहून. चौथ्या घरी बोलणी बसत्यात."

मला माझी लाज वाटली. मी मानापमान घेऊन बसले होते, त्या मिनिटांचा हिशेब सांगत होत्या. आणि तीन मिनिटं किती मोठी असतात हे मला कुणी शिकवायला नको होतं.

लेक रात्री म्हणाली, "आई, तू आठ दिवसांनी बेळगावला जाशील. मला इथे राहायचंय." तिचं खरं होतं. तरीही.

ह्यावर जे बोललं जातं ते मी ऐकलंय. सामानाने लिफ्ट खराब होते. बरोबर, सामानाला सामानाची लिफ्ट हवीच, कुणी नको म्हटलंय? कपाट आणि गाद्या तिकडून जाऊ देत. पण पिशवी घेतलेली बाई हे सामान नव्हे. सकाळी गर्दी होते, असंही म्हणतात. होते. ऑफिसला जाणाऱ्यांनाच घाई असते आणि ऑफिसला जाणाऱ्यांची पोळी करणारीला नसते, हे कुठल्या घड्याळावरून? सुरक्षेचं म्हणाल तर फाटकावर तिचा फोटो, नाव, वेळ सगळं घेतलेलं असतं. माझं कुणी घेतलं नव्हतं, मी परगावची असून.

आणि उंच इमारती कुणाच्या जिवावर उभ्या राहतात ते एकदा आठवा. एम्पायर स्टेट वर्षा-सव्वा वर्षात उभी राहिली, तेव्हा साडेतीन हजारांच्या जवळपास माणसं एका वेळी तिच्यावर राबत होती. लुईस हाइनने काढलेले त्यांचे फोटो जगाने पाहिलेत, तुळईवर बसलेली, ढगांत लोंबकळणारी माणसं. त्याच इमारतीत बेटी लू ऑलिव्हर नावाची विशीतली पोरगी लिफ्ट चालवायची. २८ जुलै १९४५ ला धुक्यात एक विमान इमारतीवर आदळलं, चौदा माणसं गेली. बेटी भाजली, फेकली गेली. सोडवणाऱ्यांनी तिला खाली न्यायला दुसऱ्या लिफ्टमध्ये ठेवलं, तिचे दोर आधीच जखमी झालेले, ते तुटले. पंचाहत्तर मजले ती खाली कोसळली आणि जगली. ती त्या इमारतीची मालकीण नव्हती. दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली नेणारी होती. पुण्यातल्या पाटीखाली ती आज आली असती, तर तिला कोपऱ्यातली लिफ्ट दाखवली असती.

म्हणून त्या वक्त्यांशी माझं भांडण असं आहे, की त्यांनी चूक भलतीकडे दाखवली. वाड्यात मागचं दार होतं. टॉवर बांधताना आपण घरपण खाली ठेवलं की नाही माहीत नाही, पण मागचं दार मात्र आठवणीने वर नेलं. फ्लॅटमध्येही ते आहे. ड्राय बाल्कनी म्हणतात त्याला. हातभर जागा, उन्हात तापणारी, तिथे बसून ती भांडी घासते. मी आवडत्या इमारती मोजायला बसते तेव्हा आता हे बघते, की घासणारीला बसायला कुठे दिलंय आणि यायला कुठून. कोरियांच्या इमारतीतही हे विचारायला हवं होतं मी, खालून नुसतं बघून आले.

पाटी अजून तिथेच आहे. मी बेळगावला आल्यावर महिनाभराने लेकीचा फोन आला. तिने सोसायटीला अर्ज लिहिलाय, मला न विचारता. तीनही लिफ्ट सगळ्या माणसांना खुल्या कराव्यात, जड सामानापुरती एक राखावी, असा. घरं १३२. सह्या अकरा. त्यातल्या नऊ बायकांच्या. सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर आहे.

तोवर मावशींनी वेळ बदलून घेतलीय. त्या आता पावणेसातला येतात. सेक्रेटरी साडेसातला फिरायला उतरतात. मधल्या वेळात आरशाची लिफ्ट रिकामीच असते.